परिचयातली शेवटची ओळ

"'सध्या ते गवतांवरील बृहद्ग्रंथाच्या लेखनात व्यग्र आहेत.' कोण हो हे व्यग्र?" बायकोने चष्म्यावरून बघत विचारले.

"तुला फक्त शुद्धलेखन बघायला दिलंय," सर म्हणाले.

"शुद्धलेखन चोख आहे. पण ही ओळ तुम्ही लिहिलीत तेव्हा आपली ताई तिसरीत होती. आता तिची लेक तिसरीत आहे."

सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. सगळा जन्म गवतांच्या मागे गेला म्हणून विद्यार्थी त्यांना गवतेसर म्हणत, आणि दर वर्षी दोन-चार नव्या पोरांना ते त्यांचे आडनावच वाटे. निवृत्तीला सतरा दिवस उरले होते. पुढच्या महिन्यातल्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते, आणि परिषदेच्या सचिवबाईंना, म्हणजे त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला, आज चारपर्यंत दीडशे शब्दांत त्यांचा परिचय हवा होता. असले परिचय प्राध्यापक स्वतःच लिहितात, पण 'त्यांनी', 'त्यांचे' असे करत, जणू दुसराच कोणी कौतुकाने सांगतो आहे. सरांनीही नेहमीप्रमाणे जुनाच परिचय काढून त्यातले आकडे बदलले होते. शेवटची ओळ मात्र जशीच्या तशी राहिली होती.

"कापून टाका की. एवढ्यानं काही आभाळ कोसळत नाही."

"राहू दे ती ओळ!" सर जरा जास्तच जोरात म्हणाले. बायकोने कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला.

ती ओळ त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली नव्हती, पण हे तिला कसे सांगणार? ती होती मामांसाठी. मामा विभागातले प्रयोगशाळा परिचर. बावीस वर्षे ते सरांबरोबर डोंगर तुडवत हिंडले, नमुने दाबायच्या लाकडी फळ्या खांद्यावर घेऊन. एकदा सरांचा पाय मुरगळला आणि ते एका दगडावर बसून राहिले. मामा एकटेच कडा चढून गेले आणि मूठभर गवत घेऊन उतरले.

"सर, याचं कणीस काही आपल्यातलं दिसत नाही," ते म्हणाले होते.

खरेच नव्हते. ते गवत कुठल्याही पुस्तकात नव्हते. सरांनी त्यावर निबंध लिहिला, तो गाजला, त्यावर बढती मिळाली, परदेशचे बोलावणे आले. निबंधाच्या शेवटी 'प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार' एवढेच होते. छापील अंक आला तेव्हा मामांनी पानावरून बोट फिरवले आणि तो टेबलावर ठेवला. सरांनाच राहवले नाही.

"मामा, मोठं पुस्तक करतोय. त्यात पहिल्याच पानावर तुमचं नाव."

मामांनी ते घरीदारी सांगितले. मग भेटतील तेव्हा एकच प्रश्न, "पुस्तक कुठवर आलं?" आणि एकच उत्तर, "चाललंय." मामांना निवृत्त होऊन आठ वर्षे झाली होती. अलीकडे ते बाजारात दिसले की सर रस्ता बदलत. ती ओळ आहे तोवर दिलेला शब्द जिवंत आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

कॉलेजात आल्यावर त्यांनी वाळवलेल्या नमुन्यांचे कपाट उघडले. डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. अजूनही पुस्तक जमेल का, हे त्यांना एकदा प्रामाणिकपणे बघायचे होते. बारा वाजेपर्यंत बघून झाले. नाही जमणार. अर्ध्या गवतांची शास्त्रीय नावे बदलली होती, उरलेल्यांवर दुसऱ्यांनी लिहून टाकले होते. आता लिहायला बसणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

नमुने चिकटवलेले कागद परत ठेवताना त्यांचे लक्ष चिठ्ठ्यांकडे गेले. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी, तिच्यावर गवताचे नाव, जागा, तारीख, आणि 'संग्राहक' या शब्दापुढे सरांचे नाव. अक्षर मामांचे होते, गोल आणि नीटस. हजारावर कागदांवर त्या माणसाने स्वतः जमवलेल्या गवताखाली सरांचे नाव लिहिले होते, आणि सरांना त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. त्यांना स्वतःची शरम वाटली.

ते संगणकापुढे बसले. शेवटची ओळ पुसली आणि तिथे लिहिले, 'त्यांच्या निबंधामुळे ओळखले जाणारे गवत प्रथम आढळले ते विभागातील प्रयोगशाळा परिचर...' इथे बोटे थांबली. मामांचे नाव काय? आडनाव? इतकी वर्षे एका डब्यातून जेवलो आणि आपल्याला नुसते 'मामा' एवढेच ठाऊक! ते उठून ऑफिसात गेले.

"कुठले मामा, सर? इथं प्रत्येक विभागाला एक मामा होता," कारकून म्हणाला. "जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत. उद्या काढून देतो."

उद्या उपयोगाचा नव्हता. फोनच करावा लागणार होता. सरांनी नंबर लावला.

"पुस्तक आलं का, सर?" मामांनी पहिल्या वाक्यालाच विचारले.

"नाही, मामा," सर म्हणाले. "ते आता होणार नाही. जमलंच नाही मला. इतकी वर्षं तुम्हाला नुसतं झुलवत ठेवलं."



"मग फोन कशासाठी केलात?"

"तुमचं पूर्ण नाव हवंय."

"का हो? पेन्शनचं काही अडलं का? हयातीचा दाखला दिलाय मी."

"पेन्शनचं नाही. ते गवत तुम्हाला सापडलं, असं छापायचंय. परिषदेच्या पुस्तिकेत, माझ्या परिचयात."

"तुमच्या परिचयात माझं काय काम?" मामा म्हणाले. मग खाकरून, शाळेत हजेरी देतात तसे, त्यांनी सावकाश पूर्ण नाव सांगितले. आपले, वडिलांचे, आडनाव. "लिहिलंत? वाचून दाखवा बघू."

सरांनी वाचून दाखवले.

"बरोबर आहे," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. रागावले की भरून आले, ते सरांना कळले नाही. विचारायचा हक्क आपल्याला नाही, एवढे मात्र कळले.

आता शब्द दीडशेच्या वर गेले. सरांनी तीन समित्या आणि एक पुरस्कार काढून टाकला आणि चारला पाच मिनिटे असताना परिचय पाठवला. लगेच सचिवबाईंचा फोन.

"सर, पुरस्कार राहिला बहुतेक. आणि हे दुसरं नाव कुणाचं? कुठल्या विद्यापीठाचे?"

"राहिलं काही नाही. ते आपल्याच विभागाचे. तुला कात्री धरायला शिकवलं ना, ते मामा."

"अगंबाई, मामांचं नाव हे होय!" ती म्हणाली. "तसंच छापते, सर."

सर पुन्हा कपाटाकडे आले. जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करायची नसते, दुरुस्ती असेल तर शेजारी नवी चिठ्ठी डकवायची, हा तिथला नियम. त्यांनी डिंकाची बाटली उघडली, कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि 'संग्राहक' लिहून पुढे मामांचे पूर्ण नाव घातले. अक्षर मामांसारखे गोल येईना. सहा वाजता बायकोचा फोन आला तेव्हा अकरा चिठ्ठ्या झाल्या होत्या.

"अजून तिथंच? केव्हा येताय?"

"उशीर होईल थोडा," सर म्हणाले. "व्यग्र आहे."

ती हसेल असे त्यांना वाटले होते. ती हसली नाही. "बरं, सावकाश या," म्हणाली. सरांनी बारावा कागद पुढ्यात ओढला.