नवरीची गाडी

"ही बनियन फाडायची नाय. ही अजून अंगात घालायची आहे," असं म्हणत रोझलिनने ती पास्कलच्या हातातून ओढून घेतली. त्याने वाद घातला नाही. अंगातलीच काढली, तिची दोन फडकी केली आणि उघड्या अंगाने परत गाडीकडे गेला. जानेवारी होता. भुईगावात त्या दिवसांत सकाळी समुद्रावरून बरंच गार वारं येतं. पण मुलीचं लग्न आठवड्यावर आलेल्या बापाला थंडी सांगून काय उपयोग?

गाडी म्हणजे काळी फियाट. जुन्या घाटाची, पाठीला फुगीर. तिला सगळे डुक्कर फियाट म्हणत, पण पास्कलसमोर कोणी म्हणत नसे. पास्कल मुंबईत एका औषधाच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. बाटल्या, बुचं आणि खोके मोजण्यात त्याची सगळी नोकरी गेली. तिथला एक साहेब देश सोडून निघाला तेव्हा घाईघाईत गाडी याच्या गळ्यात घालून गेला. तेव्हा आळीत दुसरी गाडी नव्हती. शेजारच्या एका मुलीचं लग्न ठरलं, तिला चर्चला न्यायला पास्कलने गाडी काढली, आणि मग ती पद्धतच पडली. चर्चमध्ये कोणाच्या लग्नाची घोषणा झाली की मुलीचा बाप मिस्सा सुटल्यावर पास्कलच्या बाजूला येऊन उभा राहायचा. पास्कलच म्हणायचा, "सकाळी किती वाजता?"

मग आदल्या आठवड्यात गाडी बदामाच्या सावलीत यायची. घरच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते वाळलं की पांढरे ठिपके उठतात, म्हणून लांबच्या गोड्या विहिरीचं पाणी आणून धुणं. मग रबिंग कंपाउंड, म्हणजे दात घासायच्या पावडरीसारखा खरखरीत लेप. तो ओल्या फडक्याने गोल गोल घासायचा. शेवटी वॅक्स. खाऱ्या हवेने बंपरच्या आणि पुढच्या जाळीच्या क्रोमवर तांबूस पुळ्या यायच्या. त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद पाण्यात बुडवून चोळायचा. पास्कल सिगारेट ओढत नसे. रिकामी पाकिटं गोळा करायला तो नाक्यावरच्या बारपर्यंत जायचा आणि प्यायला नसतानाही प्यायल्याचं नाव घेऊन यायचा.

कंपाउंड क्वचित मारायचं, असं साहेबाने सांगितलं होतं. पास्कलने ते प्रत्येक लग्नाला मारलं. नुसत्या वॅक्सवर नवरी बसवायची म्हणजे काल धुतलेल्या ताटात पाहुण्याला जेवायला वाढायचं, असं त्याचं म्हणणं. फडकं काळंकुट्ट व्हायचं. ते तो मोठ्या अभिमानाने रोझलिनला दाखवायचा. बघ, किती मळ निघाला. फडकी धुणारी रोझलिन म्हणायची, एवढा मळ जर गाडीवर बसतो, तर आपल्यावर किती बसत असेल, तुम्हीही एकदा ते लावून बघा.

आता विनीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न होतं. ती अंधेरीला एका ऑफिसात कामाला होती. नवरा मुलगा क्लेमेंट विरारचा, मनवेलपाड्यात त्यांचा फ्लॅट. साखरपुड्याला त्याची आई अंगणातल्या गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि हसतमुखाने म्हणाली, काळा रंग आता पाटीसारखा दिसतो, नाही का. त्यांनी पांढरी एसी गाडी सांगूनच ठेवली होती. विनीला बापाला दुखवायचं नव्हतं, आणि व्हिडिओही बरा यायला हवा होता. ती म्हणाली, "डॅडी, मी आधी एकदा बघते. चमकली तर आपलीच."

पास्कलला तेवढं पुरे होतं. गावातल्या एवढ्या मुलींना त्याने चर्चच्या पायऱ्यांपाशी उतरवलं होतं आणि प्रत्येक वेळी दार उघडून धरताना आपल्या मुलीचा दिवस मनात धरला होता. तो दिवस आता एका रंगावर येऊन ठेपला. त्याने टपापासून सुरुवात केली, मग दारं, मग चाकांच्या वरचे फुगवटे. पाटीचा रंग खरोखर मागे हटायला लागला. दारात त्याचं स्वतःचं पोट दिसायला लागलं तेव्हा त्याने रोझलिनला हाक मारून ते दाखवलं. ती म्हणाली, हे मला रोज दिसतं.

बॉनेट त्याने शेवटी घेतलं.

रोझलिन चहा घेऊन गेली तेव्हा त्याचा हात थांबलेला होता. बॉनेटच्या मधोमध जो लांब उंचवटा असतो, त्यावर तळहाताएवढा तांबडा डाग उमटला होता. आधी तिला वाटलं, हात कापला. पास्कलने डाग पुसला. पुसल्यावर तो आणखी थोडा मोठा झाला.

ॲन्सेल्म पापडीला गाड्या रंगवायचा. शाळेत तो आणि पास्कल एका बाकावर होते. निरोप मिळताच तो स्कूटरवरून आला. त्याने डागावरून अंगठा फिरवला, मग जमिनीवरचं फडकं उचललं.

"हे काय आहे?"

"मळ," पास्कल म्हणाला.

"मळ नाय, पास्कू. रंग आहे."

मग ॲन्सेल्मने समजावून सांगितलं. कंपाउंड वरचा मेलेला थर काढतं, म्हणून खालचा ताजा रंग चमकतो. दर वेळी एक थर गेला. उंचवट्यावरचा आधी संपला आणि खालचा तांबडा प्रायमर उघडा पडला. बाकी ठिकाणीही कांद्याच्या पापुद्र्याएवढा उरला असेल. तेवढाच डाग रंगवला तर नवा काळा जुन्या काळ्यात ठिगळासारखा दिसेल, आणि सगळी रंगवायची तर पत्र्यापर्यंत खरवडावी लागेल. ते काही लग्नाआधी होत नाही.

निघताना स्कूटर चालू करून तो म्हणाला, "घासशील तर अजून चमकेल. पण जाईल."

तो गेल्यावर पास्कल बदामाखाली बसला. रोझलिनने चहा परत गरम करून आणला. तिच्या मनात जे होतं ते ओठांवर आलंच. "आपल्या पोरीचा वाटा लोकांच्या पोरींना वाटला तुमी."

"कोणाला नाय म्हणायला पाहिजे होतं?" पास्कलने विचारलं. तो भांडत नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

रोझलिननेही खरंच विचार केला. तळ्याजवळची ती बिनबापाची पोरगी. दोघी जुळ्या, ज्यांना एकाच दिवशी दोन फेऱ्यांत नेलं होतं. नन व्हायला निघालेली आणि मग परत आलेली ती. रोझलिनने एकेकीचा चेहरा आठवून पाहिला. मग रिकामा कप घेऊन ती आत गेली.

संध्याकाळी विनी कामावरून आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून गाडीपाशी गेली. बाकीची गाडी अशी झळकत होती की बदामाची पानं तिच्या दारात मोजता आली असती. विनीने डागावर बोट ठेवलं आणि उचललं.

"इथे मोठा बुके लावू. कोणाला कळणार पण नाय. मी ह्यातूनच जाते, क्लेमेंटला मी सांगते."

"नको."

"डॅडी, मला चालतं."

"मला नाय चालत," पास्कल म्हणाला. "लोकांच्या पोरी बॉनेट न झाकता गेल्या. माझी पोरगी डाग झाकून नाय जाणार."

विनीने आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

मग पास्कलने स्वतः क्लेमेंटच्या आईला फोन लावला. कंपनीत एखादा माल संपला की तो ज्या आवाजात सांगत असणार, त्याच आवाजात त्याने सांगितलं की तुमची पांढरी गाडी पाठवा. त्या बाईंना कारण ऐकायचं होतं. त्याने त्यांना पाहुणे किती येणार ते विचारलं.

लग्नाच्या सकाळी पांढरी गाडी आळीत शिरली तेव्हा तिला वळायला जागा होईना. पास्कल सूट घालून उभा होता. त्याने हातवारे करून तिला मागे घेतलं, पुढे घेतलं, आणि मग हात झटकून एका बाजूला झाला. ड्रायव्हर उतरला आणि त्याने पास्कलसाठी दार उघडून धरलं. पास्कलला क्षणभर काय करावं ते कळलं नाही. रोझलिन पुढे बसली. मागे विनी, तिचा तो मोठ्या घेराचा गाऊन, आणि उरलेल्या जागेत पास्कल. नवरीच्या गाडीत मागे बसायची त्याची ही पहिलीच वेळ.

आत गार होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. ड्रायव्हर परका होता, वाडीतल्या अरुंद रस्त्यांवरून गाडी जरा जोरातच नेत होता. पास्कल हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत होता. पण क्रुसाच्या वळणावर समोरून केळ्यांचा टेम्पो आला, आणि त्याचा उजवा पाय ब्रेक दाबावा तसा पुढे जाऊन गाडीच्या तळावर घट्ट दाबला गेला. टेम्पो गेला. पुढच्या वळणावर पाय पुन्हा दाबला गेला.

विनीने ते पाहिलं. तिने दोन्ही हातांनी गाऊनचा घेर उचलला आणि आपल्या बाजूला ओढून घेतला, म्हणजे त्याच्या पायाला नीट जागा होईल.