लाल फडक्यातला ग्रंथ

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी पंखा बंद करा. मी एक जुना ग्रंथ आहे आणि माझ्या पानांना आता वारा सोसत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये मी छापला गेलो. फाटक्या कपड्यांच्या लगद्यापासून माझा कागद झाला, अक्षराचा एकेक खिळा जुळवून मला छापले आणि वासराच्या कातड्यात बांधले. इंग्लंडमध्ये तेव्हा प्युरिटन नावाचे कडक शिस्तीचे ख्रिस्ती लोक होते. त्यांच्यातल्या एका विद्वानाने बायबलमधल्या दुःखाच्या वचनांवर भाष्य लिहिले. त्या भाष्याचा दुसरा खंड म्हणजे मी. पोटात दुःखाविषयी एवढा मजकूर असून मला स्वतःला फारसे काही वाटत नाही. फार वय झाले की असे होत असावे.

एका पाद्रीसाहेबांच्या पेटीतून मी नागपूरला आलो. एका ग्रंथालयात राहिलो. तिथे जागा अपुरी पडली तेव्हा रद्दीत गेलो. तराजूशेजारी पडून होतो, तेव्हाही काही वाटले नाही.

तिथून मला सुमंतसरांनी उचलले. ते निवृत्त शिक्षक, आणि प्युरिटनांची जुनी भाष्ये जमवण्याचे त्यांना वेड. पहिला खंड त्यांच्याकडे होता. दुसऱ्यासाठी त्यांनी हैदराबाद, कोलकाता पालथे घातले होते आणि मी सापडलो घरामागच्या गल्लीत. पुढे लांबलांबून लोक मला पाहायला येत, हात धुऊन, पुसून मला उघडत, वाहवा करत. त्यातले फार आठवत नाही. आठवते ती संध्याकाळची वेळ. सर रोज एक पान मोठ्याने वाचत आणि त्यांची पत्नी शोभाताई भाजी निवडत ऐकत. त्या दवाखान्यात नर्स होत्या, इंग्रजी त्यांना कळे. माझे एक वाक्य संपेपर्यंत मेथीची अख्खी जुडी निवडून होते, असे त्या सरांना चिडवत. वाचन थांबे तिथे सर कडुनिंबाचे पान ठेवत. खूणही राहते आणि कसरही लागत नाही.

गेल्या मार्चमध्ये सर गेले. शोभाताई रडल्या नाहीत. लेकीकडे निघताना त्यांनी मला शेजारच्या रुपरावांच्या हाती दिले. परत आल्यावर कडुनिंबाच्या पानापासून पुढे वाचीन, यांचे एवढेच राहिले आहे, असे सांगून त्या गेल्या.

रुपराव नरखेडकडचे संत्रा बागायतदार, भला माणूस. पोथीला देतात तो मान त्यांनी मला दिला. आंघोळ करून मला लाल फडक्यात गुंडाळले, घट्ट गाठ मारली, वर हळदकुंकू वाहिले. मग ऊन तापले. एवढ्या जुन्या ग्रंथाला उकाड्याचा त्रास नको, म्हणून त्यांनी मला कूलरसमोरच्या फळीवर ठेवले. दिवसभर ओला वारा अंगावर येत होता. रोज उदबत्ती मिळत होती. आत पाने एकमेकांना चिकटत होती. गाठ कोणी सोडली नाही.

जूनमध्ये शोभाताई आल्या आणि त्यांनी गाठ सोडली. सुरुवातीची थोडी पाने उघडली, पुढे सगळा ठोकळा. कडुनिंबाचे पान ठोकळ्यात अडकले होते, देठ तेवढा बाहेर दिसत होता.

रुपरावांचा चेहरा उतरला. "देवाचं पुस्तक, ताई. आपण काहून उघडावं, असं वाटलं मले."

"उघडायसाठीच आणलं होतं त्यांनी, भाऊ," शोभाताई म्हणाल्या. त्यांनी सुरी आणली, देठाजवळ टेकवली आणि तशीच बाजूला ठेवली. कागदाबरोबर ते पानही फाटले असते.

मग त्या पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागल्या. इंग्रजी न कळणारे रुपराव समोर बसून राहिले. वाक्य संपता संपेना.

"एवढ्यात मेथी झाली असती निवडून," शोभाताई म्हणाल्या, आणि मार्चपासून न रडलेली ती बाई रडली.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांना जपा, पण गाठ मारून ठेवू नका. त्यांना कोरड्या जागी ठेवा आणि अधूनमधून उघडत जा. आता शोभाताई रोज एक पान वाचतात. रुपराव हात धुऊन ऐकायला येतात, आपला कूलर बंद करून. उघडणारी पाने थोडीच उरली आहेत. ती संपली की त्या काय करतील, हे मला माहीत नाही. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला भीती वाटते.