धाकट्याच्या गाडीतलं भूत

माझा धाकटा मुलगा गेला तेव्हा भेटायला चार माणसं धड फिरकली नव्हती. आणि महिन्याने त्याचं भूत बघायला मात्र अख्खी गल्ली लोटली. दारात चपला ठेवायला जागा उरली नाही. मुलं खांद्यावर, म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन. लग्नालाही इतक्या लवकर येऊन कोणी जागा धरत नाही.

भूत म्हणजे त्याची मोटारसायकल. जुनी, बापाच्या वेळची. अपघातानंतर परत मिळाली ती आम्ही घराच्या बोळात लावली. मागचं चाक वाकलेलं, पुढचा भाग धड. किल्ली माझ्या कपाटात. तरी धाकटी सून जवळून गेली की गाडीचा हॉर्न बोंब मारायचा. दुसरं कोणी गेलं की चिडीचूप.

थोरल्या मुलाने बाबा आणला. पांढरेशुभ्र कपडे, गुळगुळीत हात, आवाज असा गोड की मुंग्यांनी साखर सोडून त्याच्याकडे यावं. आल्या आल्या त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. म्हणे, आत्म्याशी एकांत हवा. बराच वेळ एकटा गाडीशी बसला आणि मग गर्दीला आत घेतलं.

"आत्मा तारेत उतरलाय," बाबा म्हणाला. "कंपनं आहेत, कंपनं! विज्ञानही हेच सांगतं. थोरल्या सूनबाई, या. हँडलवर हात ठेवा."

थोरलीने हात ठेवला. काही नाही.

"आता धाकट्या सूनबाई."

धाकटीने हात ठेवला आणि पोंऽऽऽ!

"अगं बाई, तिलाच हाक मारतोय गं!" मागून कोणीतरी हुंदका दिला.

"हाक नव्हे, आरोप," बाबाने डोळे मिटले. "मुली, त्या संध्याकाळी तो निघताना तू भांडली होतीस. खरं की खोटं?"

"भांडले होते," धाकटी म्हणाली.

नवराबायको भांडायचे नाहीत तर काय शेजारीपाजारी भांडायचे? पण गर्दीने असा सुस्कारा सोडला की जणू तिने खुनाची कबुली दिली. तसं घरात आधीपासूनच सगळे म्हणत होते, डोक्यात भांडण घेऊन गेला, रस्त्यावर लक्ष नव्हतं. महिनाभर ती मान खाली घालून ते ऐकत होती.

"ही घरात आहे तोवर आत्म्याला सुटका नाही," बाबाने निकाल दिला. "आज दिवस मावळायच्या आत हिने घर सोडावं. गाडी माझ्या मठात पाठवा."

थोरल्याने मान डोलावली. लगेच डोलावली.

मी चौथी नापास. पण जन्मभर भाजी निवडली आहे. कीड कुठून शिरली ते मला दिसतं. थोरलीच्या वेळी बाबाने हँडलची पलीकडची मूठ घट्ट धरली होती. धाकटीच्या वेळी तीच मूठ त्याने हळूच ढकलली. आणि एरवी? एरवी आमच्या बोळातून ओल्या कपड्यांची बादली घेऊन मागच्या दोरीपर्यंत जातं कोण? एकटी धाकटी. बादली हातात असली की जागाच उरत नाही, कमरेने हँडल सारावंच लागतं. थोरली रिकाम्या हातांनी अंग चोरून निघून जाते. बिचाऱ्या भुताला घरात काम करणारं माणूस तेवढं ओळखू येत होतं.

मी उठले. "बाबा, हात मागे बांधा बरं."

"काय?"

"हात. तुमचे. आत्म्याला बोलायला तुमच्या हाताची गरज नसेल ना?"

"आई, पाप लागेल!" थोरला ओरडला.

"लागू दे. फेडायला तुझ्याकडे येणार नाही."

मी हँडल डावीकडे वळवलं. पोंऽऽऽ! सरळ केलं, गप्प. मग थोरलीला पुढे ओढून तिच्या हातून वळवलं. पोंऽऽऽ! ती किंचाळली.

"ओरडू नकोस. आता बाबांना विचार, तुलाही दिवस मावळायच्या आत बाहेर काढायचं का?"

गर्दीत कोपऱ्यावरचा गॅरेजवाला हात जोडून उभा होता. त्याला म्हटलं, "जोडलेले हात सोड आणि पुढचा दिवा खोल."

त्याने दिवा उघडला. आत तारांचं नुसतं जंजाळ. कुठे सुटलेली चिकटपट्टी, कुठे चिंधी, कुठे प्लास्टिकच्या पिशवीची गाठ.

"ही हॉर्नची तार," तो पुटपुटला. "लोखंडाला घासून वरचं आवरण गेलंय. हँडल वळलं की उघडं तांबं सांगाड्याला टेकतं. बटण दाबल्यावर होतं तेच होतं. आणि हॉर्न थेट बॅटरीला जोडलाय, म्हणून किल्ली लागत नाही."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी आवाज ऐकला तेव्हाच, काकू."

"मग तोंड शिवलं होतं?"

"लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न होता. मी कशाला वाईट होऊ?"

त्याने आणखी एक तार चिमटीत धरली आणि थबकला. किल्ली मागितली. दिवा लागला. त्याने हँडल डावीकडे वळवलं. दिवा गेला. सरळ केलं, लागला. पुन्हा वळवलं, पुन्हा गेला.

"ही दिव्याची तार. ही पण ताणून बांधलीय. वळताना आतून तुटते."

माझा मुलगा गोदामामागच्या अंधाऱ्या वळणावर गेला होता. डावं वळण. समोरून येऊन मागच्या चाकाला धडकलेला टेम्पोवाला पहिल्यापासून सांगत होता, मला गाडी दिसलीच नाही हो. त्याला आम्ही खोटारडा म्हटलं होतं.

"हे बांधलं कोणी?" गॅरेजवाल्याने विचारलं.

थोरल्याने भिंतीला पाठ टेकली. "मीच. त्याला मोठा हॉर्न हवा होता. गडबडीत… नंतर नीट करू म्हटलं होतं."

एवढ्यात बाबाला कंठ फुटला. "पाहिलंत? आत्म्यानेच तार दाखवली!" आणि काय सांगू, निम्मी गर्दी त्याच्या पाया पडली! गेला तो ताठ मानेने.

गॅरेजवाल्याने तिथेच बसून तारा नीट केल्या. झिजलेले तुकडे कापले, जोड कथलाचा डाक देऊन पक्के केले, सगळ्यांवर प्लास्टिकची नळी चढवली, हँडल दोन्हीकडे वळेल इतक्या सैल ठेवून लोखंडापासून दूर बांधल्या. थोडा वेळ लागला. इतक्याशाच वेळेचं काम होतं.

धाकटीने मात्र बॅग भरली होती. थोरला दारात आडवा आला. "आता जायचं कारण नाही. बाबांचं सगळं खोटं निघालं."

"महिनाभर मला वाटत होतं मीच मारलं त्यांना," ती म्हणाली. "मला झोप नव्हती, भाऊजी. तुम्हाला होती?"

त्याने वाट सोडली. ती माझ्याकडे वळली. "येते, आई." मी तिला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? तिने थांबावं असं घर शिल्लक नव्हतं. थोरला अजून बोळात जाऊन ते हँडल वळवून बघतो. मी बघते आणि आत जाते.

तुम्हाला एवढंच सांगते. देव मानायचा तर माना, मी कोणाच्या देवाच्या वाटेला जात नाही. पण चमत्कार दाखवणाऱ्याचं तोंड ऐकू नका, त्याचा हात कुठे आहे ते बघा. त्याने ज्याला शिवू नका म्हटलं, त्यालाच आधी शिवा. आणि जे कळलंय ते गर्दीत उभं राहून गिळू नका. तारेला भूत म्हटलं की घरातलं एक माणूस दोषी ठरतं, बाकीचे सुटतात, आणि तार तशीच घासत राहते. पुढचं वळण कोणाचं, ते मग तुमचं तुम्ही बघा.