आजोळ न विचारणारी बाई

किल्लीला लटकलेलं ते कापडी माकड... एक डोळा गेलेला, पोटाची शिवण उसवलेली. एवढ्या दाढीवाल्या माणसाच्या स्कूटरला ते कुणी बांधलं असेल? एखाद्या मुलीने दिलं असेल तर कुठल्या? चारुताने चहाचा ग्लास ओठांना लावला आणि टपरीच्या कडेने पुन्हा बघितलं. करंजाड्याच्या त्या सात मजली बिल्डिंगच्या मागच्या फाटकातून सत्यजीत बाहेर आला होता, आणि स्कूटर चालू करण्याआधी मान वळवून मागे बघत होता. रोज बघायचा. पहिल्या दिवशीच तिने त्याचा सरळ अर्थ लावून टाकला होता – लफडं आहे. मागे वळून बघत घराबाहेर पडणारे पुरुष तिने या धंद्यात ढिगाने पाहिले होते, आणि बहुतेकांच्या मागे शेवटी एखादी बाईच निघाली होती.

एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली होती आणि पाटीवर ‘डिटेक्टिव्ह’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. भाऊ चिडवायचा, तुझं पिस्तूल कुठं ठेवतेस गं, डाळीच्या डब्यात? पिस्तूल कसलं नि काय! लोक यायचे ते स्थळाची चौकशी करायला. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, आधीचं कुठे काही जमलेलं होतं का. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी वडिलांनी सगळं विचारलं होतं – गोत्र, पगार, आजोळ, अगदी चष्म्याचा नंबरसुद्धा... आणि तरी तीन वर्षांत ती बॅग घेऊन परत आली होती, कारण माणूस चिडल्यावर काय करतो हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तेव्हापासून दुसऱ्यांच्या मुलींसाठी ती ते विचारत फिरत होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

म्हणूनच सकाळचा फोन तिला टोचत होता. टोचत होता म्हणजे नक्की काय, ते कळत नव्हतं.

शशिकलाबाईंचा फोन. ज्या मुलीसाठी सत्यजीतचं स्थळ बघत होते, तिच्या आई. पोलीस ठाण्यातल्या एका साहेबांनी तुमचं नाव सुचवलं, असं पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, आणि चारुता केवढी फुशारली होती तेव्हा! आज तिने जमवलेलं सगळं त्यांना भराभर सांगितलं. व्यसन नाही. भरावाच्या एका कंत्राटदाराकडे वजनकाट्यावर होता, ती नोकरी सोडली. रोज सकाळी मागच्या फाटकाने निघतो, बहिणीकडे जेवतो, दिवेलागणीला परत येतो. एकटाच असतो का, बाईंनी विचारलं. एकटाच. येतानाही मागूनच? मागूनच. मग चारुताने हातचा राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकला, ज्यासाठी ती मोऱ्याला दोन हेलपाटे घालून आली होती – मुलाचं आजोळ मोऱ्याचं, मच्छीमारांचं घर, मामा गोरख म्हणून होते, ते अलीकडेच डंपरखाली गेले.

“ते राहू दे हो,” शशिकलाबाई म्हणाल्या.

राहू दे? मुलीची आई आणि आजोळ राहू दे म्हणते? दुसरी कुणी असती तर आधी अरेरे म्हणाली असती, मग मामी आहेत का, मुलं किती, आणि बोहल्यावर नवऱ्या मुलाच्या पाठीशी आता उभं कोण राहणार... तासभर फोन सोडला नसता. ही बाई मामावर क्षणभरही थांबली नाही. जणू ते तिला आधीच ठाऊक होतं. की घाईत असेल बिचारी? गॅसवर काही असेल? माणसाला कधीकधी नसतो वेळ. मी उगाच काट्याचा नायटा करतेय.

सत्यजीतची स्कूटर वळणाआड गेली तशी ती उठली आणि जिना झाडून पायरीवर टेकलेल्या गोदाशी गप्पा मारायला गेली. गोदा नेऱ्याकडच्या वाडीवरून इथे झाडलोट करायला यायची, आणि बिल्डिंगमधलं तिला माहीत नाही असं काही नव्हतं. चारुताने स्थळाचंच निमित्त सांगितलं. गोदाने तिच्याकडे नीट बघितलं, खराटा बाजूला ठेवला.

“त्याचा लगीन? आता?” ती म्हणाली. “त्याला सोमवारी कोर्टात बोलायचा हाय. मामाला डंपरनं चिरडला, ह्यानं काट्याच्या केबिनमधनं पायला. डंपर एकदा अंगावरनं गेला, आन् मंग परत मागं आला. तुलशीराम शेटनं सांगितल्याबिगर डायवर मागं घेल काय?”

तुळशीराम. खाडीतल्या भरावापासून रस्त्यावरच्या बारपर्यंत ज्याचा हात होता, आणि ज्याचं नाव पनवेलात कुणी मोठ्याने घेत नसे, तो. त्या भरावाच्या विरोधात गोरख उभा राहिला होता, हे मोऱ्यात तिच्या कानावर आलं होतं. आणि तिने ते मुलाकडच्या माणसांचा स्वभाव तापट आहे, एवढ्यापुरतं लक्षात ठेवलं होतं! एकदा पुढे आणि मग मागे... जिन्याचा कठडा धरून ती उभी राहिली. कुठल्या फाटकाने निघतो. एकटाच असतो. दिवेलागणीला येतो. हे सगळं मी सांगितलं, माझ्या तोंडाने, आणि वर धन्यवाद घेतले.

पण नक्की काय, ते तरी बघायला हवं होतं. काम देणाऱ्याची चौकशी करायची नाही, हा तिचा आजवरचा नियम होता. तो मोडून ती रिक्षाने जुन्या पनवेलात गेली. बाईंनी दिलेला पत्ता खोटा असेल, घराला कुलूप असेल, अशी तिची जवळजवळ खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तसं असतं तर बरं झालं असतं. दार एका मुलीने उघडलं. ओले केस, हातात कंगवा. हीच अनुया, जिच्यासाठी चौकशी चालली होती. म्हणजे मुलगी होती. खरीखुरी.

आई बाहेर गेलीय, अनुया म्हणाली. बाबाही कामावर, भरावाचं काम करतात ते. कुणाकडे, हे विचारायला चारुताची जीभ रेटली नाही. अर्धं पनवेल भरावाच्या कामावर आहे... त्याने काय सिद्ध होतं? मुलीने पाणी दिलं, समोर बसली, आणि लाजत म्हणाली,

“तुम्ही त्यांना बघितलंय ना? मला नुसता फोटो दाखवलाय. स्वभावाने कसे आहेत हो? आई म्हणते, सोमवारच्या आत साखरपुडा उरकायचा.”

चांगले आहेत, चारुता म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

बाहेर येऊन ती तलावाच्या काठाने चालत सुटली. म्हणजे मारायचं नाही, जावई करायचं? सासऱ्याच्या शेठविरुद्ध कुठला जावई बोलेल! की आधी पोरगी पुढे करायची, नाही म्हणाला तर मागचं फाटक आहेच? की खरंच काही नाही, साधी सोयरीक, आणि सोमवार हा केवळ मुहूर्त? पोलिसांना सांगावं – पण माझं नाव सुचवणारे साहेब कोण होते? गप्प बसावं, तर तो मेला म्हणजे... सांगावं आणि काहीच नसलं, तर त्या ओल्या केसांच्या मुलीचं जमलेलं लग्न मी मोडलं. प्रत्येक विचार दुसऱ्याला पुरून उरत होता. तिला रडू यायला लागलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. काही का असेना, त्याला सांगितलं पाहिजे. एवढं तरी.

दिवे लागायच्या वेळेला ती करंजाड्याला मागच्या गल्लीत उभी होती. स्कूटर आली. तिने हात केला, पुढे झाली, आणि सत्यजीतने तिला बघितलं. नुसतं बघितलं नाही, ओळखलं. स्कूटर तशीच टाकून तो भिंतीला लागेपर्यंत मागे सरकला.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्हीच आहात ना त्या, टपरीवर बसणाऱ्या? मला फक्त एवढंच सांगा, ते आजच येणार आहेत का?”

इतके दिवस मागे वळून तो जिला बघत होता, ती मीच होते तर. मी त्यांची नाही, असं तिला म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ते खरे आहेत का, हे तिचं तिलाच कळेना. पर्समध्ये फोन वाजायला लागला. शशिकलाबाईच असणार. घेतला नाही तर त्या काय समजतील, घेतला तर हा काय समजेल... तिने पाऊल पुढे टाकलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले. मग तीही जागच्या जागी थांबली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला कळलं की आपण कुणाला घाबरवू शकतो. आणि आता पुढे जावं की मागे यावं, यातलं कमी भयंकर कुठलं, ते तिला ठरवता येईना.