निशिकांतच्या हातून निसटलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे, पण गोल नव्हे. चामड्याचा, दोन्ही टोकांना निमुळता. सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या मैदानावरची मुले मला नारळ म्हणून हसत. हसू देत बापडी!

नऊ वर्षे मी चांगी बिझनेस पार्कमधल्या मराठी मंडळींच्या फ्लॅग फुटबॉल संघात होतो. कमरेची फीत ओढून गडी अडवायच्या या अमेरिकी खेळात चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक हाच संघाचा कर्ता माणूस. आमचा क्वार्टरबॅक निशिकांत, वय त्रेचाळीस. त्याने फेकावे आणि मी नेमका झेलणाऱ्याच्या छातीशी जावे, हे ठरलेलेच. "काय हात आहे!" लोक म्हणत. त्यातले अर्धे कौतुक मी गुपचूप स्वतःकडे घ्यायचो.

यंदा कॉलेजातली अनुया संघात आली. हातात दम होता, पण मोठा सामना एकही खेळलेली नव्हती. अंतिम सामना तोंडावर आला, तेव्हा कर्णधार शुभदाने दसऱ्याच्या सकाळी दोघांची चाचणी ठेवली.

आदल्या दिवशी खंडेनवमी. निशिकांतने घरी माझी पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचे फूल आणि हत्यारांना लावतात तसे खोबरेल तेल. मी वेडा, सुखावलो! दमट हवेत ते तेल मुरलेच नाही.

सकाळी मी त्याच्या हातून तीनदा निसटलो. तळहाताला घाम आला असेल, असे त्याला वाटले. अनुयाने स्वतःचा नवा चेंडू आणला होता. तिचे सगळे नेम लागले.

"निशिकांतदादा, या वेळी अनुया खेळेल," शुभदा खाली बघत म्हणाली.

"नो लाह! अंकल इज बेटर," अनुया सिंगापुरी इंग्रजीत कळवळली.

"नको गं. हातच गेले माझे," तो म्हणाला.

हात नव्हे, तेल! पण मला तोंड कुठले?

अनुयाने सामना जिंकून दिला. पोरगी गुणी, तिच्यावर माझा राग नाही. निशिकांतने मात्र खेळ सोडला. मी बंद पिशवीत पडलो.

दिवाळीच्या फराळाला शुभदा आली. तिने सहज पिशवी उघडून मला उचलले आणि स्वतःचा तळहात हुंगला.

"दादा, याला तेल कधी लावलं?"

"खंडेनवमीला. का गं?"

तिने आपला तेलकट तळहात त्याच्यापुढे धरला. निशिकांत आपल्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने फडके आणून मला स्वच्छ पुसले आणि पुन्हा पिशवीत ठेवले.

मित्रांनो, एखाद्याचे हात गेले असे म्हणण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा पुसून बघा. मला पुसायला फार उशीर झाला.