यादीत नसलेलं गाव

स्थळ आलं की मुलगा कोणीही पाहून येतो, गाव पाहायला मात्र इंदरलालला न्यावं, असं दवनीवाड्यातल्या आणि आसपासच्या पोवार समाजात ठरूनच गेलं होतं. तिरोडा, आमगाव, पलीकडे बालाघाट, वारासिवनी; पंचवीस वर्षांत त्यानं किती गावं पाहिली त्याला गणती नव्हती. त्याची पद्धत साधी. ज्या घरी जायचं तिथं आधी जायचंच नाही, शेजाऱ्याकडे जाऊन पाणी मागायचं. "घरचे तं गोडच बोलतात, शेजारी काय बोलते थे आयकावं," म्हणायचा. मग विहिरीत वाकून बघायचा, गोठ्यात डोकवायचा, आणि सगळ्यांत शेवटी बैठकीत जायचा. एकदा बालाघाटकडच्या दुमजली घराला त्यानं उंबऱ्यावरूनच नकार दिला, कारण मालक दिसताच घरचा कुत्रा खाटेखाली शिरला. लोक हसले, पण सोयरीक मोडली ती मोडलीच.

अशा माणसाच्या पोरीनं, रुचिनं, चार वर्षांपूर्वी टोरंटोत कर्टिस नावाच्या जमैकाच्या मुलाशी लग्न केलं आणि घरी नंतर कळवलं. तेव्हापासून इंदरलाल तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. रविवारी सकाळी तिचा फोन आला की हा धानाच्या बांधावर. जातीचा राग होता, खोटं कशाला बोला. पण त्याहून खोल एक गोष्ट सलत होती. अख्ख्या जिल्ह्याच्या पोरींची सासरं याला दाखवली, आणि स्वतःच्या पोरीचं सासर बघायला कोणी बोलावलंच नाही. हे तो कोणाजवळ बोलला नाही, पण बायकोला माहीत होतं.

त्या रविवारी बांधावर निघालेल्या नवऱ्याला राजकुमारीनं ओसरीतच अडवलं. "मी जमैकाले जाऊन राहिली," ती म्हणाली. "रुचिनं बलावलं, थे दोघंबी तेथं येतात, दहा दिवस. पासपोर्ट झाला माहा."

इंदरलालच्या हातातल्या चपला हातातच राहिल्या.

"तुम्ही येत नाई तं नका येऊ. आपला पोरगा लोकेंद्र मले विमानात बसवून देते. पन तिनं तीन गावं धाडले, समुद्राकाठचे. म्हनते, आई, पसंत कर. मले का कळते गावातलं? जाता जाता तेवढं सांगून जा."

राजकुमारी काही भोळी बाई नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कुठं खाज सुटते हे तिला पाठ झालं होतं.

"मले कायले इचारतेस?" इंदरलाल गुरगुरला. पण चपला खाली ठेवल्या आणि खाटेवर पेपर उघडून बसला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा तो पेपर वाचत होता.

सून रिंकी फोन घेऊन पुढ्यात बसली. लग्नाआधी तिच्या माहेराला याच सासऱ्यानं पास केलं होतं, त्यामुळे ती त्याला फार भीत नसे. "पहिलं मॉन्टेगो बे," तिनं वाचलं. "मोठे मोठे हॉटेल, विमानतळ गावातच."

पेपरामागून आवाज आला, "स्टँडाजवळचं गाव कधी पाहू नये. तेथं ज्याले त्याले जायाची घाई."

"दुसरं निग्रिल. पांढऱ्या वाळूचा लांबच लांब किनारा. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडते, थो पाह्याले लोक येतात."

"आमचा सूर्य बुडत नाई का?"

"तिसरं ओचो रिओस. धबधबे हायेत, डोंगर हायेत. मोठं जहाज लागते, हजारो मानसं उतरतात आन संध्याकाळी वापस जातात."

"मंग थे गाव नोहे, बाजार होय." पेपर खाली आला. "जेवनाचं कसं हाय?"

"हॉटेलातच. एकदा पैसे भरले का सकाळपासून रातीपर्यंत कितीबी खा."

इंदरलालनं कपाळाला आठ्या घातल्या. चाळीस फोटो पाहूनही जे कोणाच्या मनात आलं नसतं ते त्याच्या मनात आलं. "दिवसभर रांधते, मंग रांधनारा राह्यते कोठी? त्याचं घर कोठी? इचार तिले."

'तिले' म्हणजे रुचिला. राजकुमारी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

रिंकीनं प्रश्न लिहून धाडला. तिकडे रात्र असली तरी रुचि जागीच होती. उत्तर लगेच आलं. स्वयंपाकी आसपासच्या खेड्यांत राहतात, गाडीनं येतात-जातात.

"भाजी कोठून येते?"

बरीचशी दक्षिणेकडच्या खेड्यांतून. कांदापात, टमाटर, टरबूज.

"तिकडं पानी किती पडते?"

फारच कमी, असं उत्तर आलं. म्हणून तिथले शेतकरी डोंगरावरचं उंच गवत कापून, वाळवून शेतात पसरतात. खाली ओल टिकते.

आता इंदरलालला खाटेवर बसवेना. धानाच्या मुलखातला माणूस तो, जिथं गुडघाभर पाण्यात रोवणी होते. वाळलेल्या गवताखाली पाणी राखायचं ही गोष्ट त्यानं जन्मात ऐकली नव्हती. "किती बोटं जाड? उधई नाई लागत? रोप लावाच्या आधी का बादमध्ये?" तो विचारत होता आणि रिंकीचा अंगठा दमत होता.

उत्तर मोठं आलं. रिंकीनं वाचलं, "चार बोटं जाड. आधी पसरायचं, मंग हातानं बाजूले करून रोप लावायचं. उधई लागते कधी कधी. पन गवताच्या पात्याले धार असते, पहिल्या दिवशी सारे बोटं कापले जातात. तिसऱ्या दिवशी सवय होते."

इंदरलालनं शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली. शेजाऱ्यानं एखादं वाक्य जास्तीचं बोलावं आणि त्यातून घराचं सगळं कळावं, असं त्याच्या आयुष्यात किती वेळा झालं होतं.

"इचार," तो हळू आवाजात म्हणाला, "कोनाच्या वावरात कापले बोटं?"

राजकुमारी सूप बाजूला ठेवून उठून आली. मग एक फोटो आला. गवतानं झाकलेल्या वावरात टोपी घातलेली एक धिप्पाड, सावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. मागं पत्र्याचं छोटं निळं घर, त्यामागं समुद्र. बाईच्या पायाशी वाकून आपली रुचि रोप लावत होती, पदर खोचावा तशी ओढणी खोचून. खाली लिहिलं होतं, 'कर्टिसची आई. ट्रेझर बीच.'

इंदरलालनं फोटो मोठा करायला लावला. बाईचे हात पाहिले. घराची खिडकी पाहिली. वाफे सरळ होते का ते पाहिलं. सरळ होते.

"हे गाव समुद्राकाठचंच दिसते."

"हो जी," रिंकी म्हणाली. "इथंबी पाहुने येतात राह्याले. लहान लहान हॉटेल हायेत म्हनते."

"मंग यादीत काऊन नाई?"

"बाबूजी, आता माह्यानं लिहनं होत नाई," रिंकीनं सरळ सांगितलं. तिनं कॉल लावला आणि फोन त्याच्या हातात देऊन ती चुलीकडे निघून गेली.

एकच घंटी वाजली. "बोल वहिनी," रुचि म्हणाली.

चार वर्षांनी तो आवाज कानात पडला तसा इंदरलालनं फोन दोन्ही हातांनी धरला. राजकुमारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठं शब्द फुटला.

"थे चौथं गाव यादीत काऊन नाई लिवलंस?"

"बाबूजी?"

"काऊन नाई लिवलंस?"

"भेव वाटला." रुचि रडत होती आणि रडता रडताच बोलत होती. "तुम्ही घर पाह्याले गेले का उंबऱ्यावरूनच नाई म्हनता. तुम्ही एकदा नाई म्हटलं का मंग कोनीच हो नाई म्हनत. मले ते घर आवडते, बाबूजी. तुम्ही त्याले नाई म्हटलं असतं, तं मी कोठी गेली असती?"

इंदरलाल समोरच्या अंगणाकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं आपण पोरींची सासरं पाहत होतो, आणि आपलीच पोर आपल्या पाहण्याला घाबरून घर लपवत होती. कोणत्या शेजाऱ्यानं त्याला हे सांगितलं असतं? त्याला लाज वाटली, आणि ती त्यानं गिळली नाही.

"चुकलं माहं, बाई," तो म्हणाला. "आन आयक. घर पाहाले जातात थे लगनाच्या आधी. लगन झाल्यावर कोनी घर पाहाले नाई जात. लगन झाल्यावर पोरीले भेटाले जातात."

रुचिच्या मागून एका पुरुषाचा आवाज तिला काहीतरी विचारत होता, हलकेच.

"थो कोन? कर्टिस का?" इंदरलाल म्हणाला. "त्याले सांग, धान कापून झाले का आम्ही दोघं येऊन राहिलो."