कापसाच्या खोलीचं कुलूप

“चावी द्या, बिल्कीसबाई.”

“नाई देत, मॅडम. तुमीच त म्हनलं होतं, पोरावर लक्ष ठेवा!”

कापसाच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं आणि आत बिल्कीसचा सोळा वर्षांचा मोईज शिंकत होता. एक शिंक संपत नाही तोच दुसरी.

माधवी तायडेने कपाळावर हात मारला. ती परिवीक्षा अधिकारी. अमरावतीहून एसटीचे धक्के खात अचलपूरला आली होती, कारण सरकार पोरं सांभाळायला सांगतं, गाडी देत नाही. जंगलात वाघ बघायला जायचं म्हणून मोईजने शेजारच्या नत्थुजींची मोटारसायकल पळवली होती. काही दिवस निरीक्षणगृहात काढल्यावर बाल न्याय मंडळाने त्याला आईबापाच्या देखरेखीत घरी सोडलं. पुन्हा पळाला, तर परत आत. पण देखरेख म्हणजे काय करायचं, हे या आईबापाला एकाही शहाण्याने सांगितलं नव्हतं. सही करा म्हणाले, यांनी केली. झाली देखरेख!

“कुलूपच लावायचं होतं त तिथं काय कमी होते का?” माधवी कडाडली. राग आला की तिची अकोल्याची बोली उसळायची. “तिथले कुलपं याच्याहून मोठे हायेत, बाई!”

बिल्कीस हसली. हसता हसता रडली आणि गळ्यातली चावी काढून दिली.

मोईज बाहेर आला तो पांढराफटक. केसांत, भुवयांत, मिशीच्या कोवळ्या रेघेवर कापूसच कापूस. अंगणात गादी भरत बसलेल्या बापाने, नासिरने, मान वर केली नाही. पोरगा घरी आल्यापासून तो त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

तेवढ्यात दारातून नत्थुजी ओरडले, “अबे, हा त म्हातारा होऊन निंघाला!”

“तुमी कावून आले, काका?”

“गाडी माही गेली होती, मॅडम. पोलिसांनं लिहून घेतलं, साहेबानं वाचून घेतलं, मले कोनी इचारलं का? आता मीच इचारतो. काय रे, वाघ दिसला का?”

“नाई काका. सेमाडोहच्या घाटात पेट्रोल संपलं.”

“मंग! टाकीत होतंच कुठं? मले इचारलं असतं त सांगितलं नसतं का!”

सगळे खो खो हसले. नासिरचे खांदेही हलले, पण तोंड खालीच.

माधवी अंगणातच मांडी घालून बसली. “आता बोला. कोन काय करनार?”

“सकाळी दुधाच्या फेरीले माह्यासंगं,” नत्थुजी म्हणाले. “मांगं बसन, क्यान धरन. हँडलले हात लावला त क्यानीतच बुडवतो.”

“संध्याकाळी मगरिबच्या अजानीआधी घरात,” बिल्कीस म्हणाली. “नाई आला त गल्लीभर बोंबलत फिरन मी.”

“आन् दुपारी?”

सगळे नासिरकडे बघू लागले.

नासिर उठला. भरलेली गादी एका कडेवर उभी केली, दाभणात दोरा ओवला. जाड गादीला टाके घालायला दोघं लागतात. एकाने इकडून खुपसायचं, दुसऱ्याने तिकडून ओढून परत पाठवायचं. पोरगा निरीक्षणगृहात गेल्यापासून नासिर हे एकटाच करत होता, प्रत्येक टाक्याला उठून पलीकडे जात.

त्याने दाभण खुपसलं आणि तो जागचा हलला नाही.

पलीकडे टोक निघालं. मोईज बघत राहिला. मग पुढे झाला, शिंकला आणि त्याने दाभण ओढून घेतलं.

“सीधा भेज,” नासिर म्हणाला.

दाभण जरा वाकडंच परत आलं. नासिरने ते क्षणभर बोटांत धरून ठेवलं आणि पुन्हा खुपसलं.